अलीमियाँच्या सात पुड्या

बुधवार, १६ ऑक्टोबर १९६८. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. दुबईत, दैऱ्याच्या मसाला बाजारातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत खैरुद्दीन होडेकर चोपचिनी कुटतो आहे. दोन्ही गुडघ्यांमध्ये लोखंडी खल, हातात बत्ता, नाकातोंडावर ओला रुमाल. कुटलेलं मलमलीतून गाळायचं, वर उरलेला चोथा पुन्हा खलात टाकायचा. एक शेर मूळ वस्त्रगाळ व्हायला दीड तास लागतो.

दुकानाचे मालक कमरुद्दीन शेट आठ वाजता येतात. त्याआधी खैरुद्दीनला आणखी एक काम उरकायचं असतं. तो फळीवरचा पत्र्याचा डबा उतरवतो आणि चौदा पांढऱ्या गोळ्या मोजून घेतो. सात कागद मांडतो. दर कागदावर दोन गोळ्या. चमच्याच्या पाठीनं त्या चिरडतो, वर चोपचिनीची पूड घालतो, बोटानं कालवतो, पुडी बांधतो. बांधून झाल्यावर पुड्या पुन्हा मोजतो. या दुकानातून महिन्याला शेकड्यांनी पुड्या जातात. गोळ्या मोजून घातलेल्या एवढ्या सातच.

खैरुद्दीनचं वय एक्केचाळीस. गाव हर्णै. १९५९ साली लाँचनं दुबईला उतरला आणि पहिल्या आठवड्यात ज्या खलापुढे बसला तिथेच अजून आहे. शाळा उर्दू चौथीपर्यंत, मराठी अक्षरं लागतात, इंग्रजी नाही. मात्र चोपचिनी त्याच्याइतकी ओळखणारा माणूस या बाजारात दुसरा नाही. हे चीनमधल्या एका काटेरी वेलीचं मूळ. सांधेदुखीवर आणि अंगावरच्या सुजेवर हकीम ते शेकडो वर्षं देत आले आहेत. चांगलं मूळ हाताला जड लागतं, पाण्यात टाकलं की तळाला जातं, आणि मोडलं की आत फिक्कट गुलाबी निघतं. हलकं आणि पांढरंफटक निघालं तर आत कीड फिरून गेलेली असते.

औषध घ्यायची रीत ठरलेली आहे. चाळीस दिवस, त्याला चिल्ला म्हणतात. रोज सकाळी एक पुडी मधातून. चाळीस दिवस मीठ बंद, आंबट बंद, मासळी बंद. अळणी भाकरी, तूप आणि साखर. वाऱ्यात बसायचं नाही. चाळीसाव्या दिवशी शेवटची पुडी, एक्केचाळीसाव्या दिवशी मिठाची मासळी करून नातेवाइकांना जेवायला बोलवायचं. चाळिसाचे एकोणचाळीस चालत नाहीत आणि एक्केचाळीसही चालत नाहीत. औषधाचा गुण सावकाश येतो. खैरुद्दीनच्या हिशेबानं दहातल्या तिघा-चौघांची सूज उतरते, बाकीच्यांची थोडी हलते किंवा हलत नाही. तेवढ्यावर दुकान चाललं होतं.

बासष्टच्या लढाईनंतर मुंबईला चीनचा माल येईनासा झाला. हाँगकाँगहून फिरून जे यायचं त्यात निम्मं किडकं. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. १९६६ च्या उन्हाळ्यात कमरुद्दीन शेटनी मुंबईहून पत्र्याचा डबा मागवला. वरचं लेबल खरवडलेलं होतं.

“हाँगकाँगला मशीनवर सत्त्व काढतात,” शेट म्हणाले. “शेरभर मुळाचं चिमूटभर निघतं.”

“गुळवेलीचं काढतात तसं?”

“तसंच रे. तुझी आई काढायची ना?”

“काढायची.”

“मग झालं तर.”

“पण शेट, सत्त्वाच्या गोळ्या कशाला केल्या?”

“बोटीत सांडू नये म्हणून. तू कूट.”

खैरुद्दीनला यात खोट दिसली नाही. त्याची आई पावसाळा संपला की गुळवेल ठेचून पाण्यात कोळायची, रात्रभर ठेवायची, आणि सकाळी भांड्याच्या तळाशी पांढरीशुभ्र पूड बसलेली असायची. तपकिरी मुळातून पांढरं सत्त्व निघतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कोकणातल्या दुसऱ्या कुणालाही शंका आली नसती.

सत्त्व घातलेल्या पुडीचा गुण तिसऱ्या दिवशी येऊ लागला. ज्यांना भिंतीला धरून चालावं लागे ते बाजारात चालत येऊ लागले. गालही भरले. अरब असो की रत्नागिरीचा, भरलेला चेहरा म्हणजे तब्येत सुधारली, एवढं सगळ्यांनाच कळतं. गिऱ्हाईक दुपटीनं वाढलं. अल ऐनहून, अबू धाबीहून ऑर्डरी येऊ लागल्या. खैरुद्दीनला अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानातच त्यानं थोरल्या भावाला पुड्या पाठवल्या.

अलीमियाँ होडेकर, वय बावन्न, डोंगरांपलीकडच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानला गलबतांवर सुतारकी करतो. १९६१ पासून तिथेच. तीन वर्षांपूर्वी बायकोला, जहांआराला, त्यानं आणून घेतलं. सदुसष्टच्या पावसाळ्यापासून त्याची बोटं सुजून लाकूड तासायचा वाकस धरवेनासा झाला. गुडघेही गेले. दवाखान्यात जायला तो तयार नव्हता. एकोणपन्नास साली वडिलांना रत्नागिरीत सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले, तेव्हापासून अलीमियाँनं डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेतलेली नाही. विलायती औषध घरात नको, हे त्याचं एकच म्हणणं. चोपचिनी चालत होती, कारण ती मूळ होती आणि भावानं कुटलेली होती.

त्यानं ईद झाल्यावर, ७ जानेवारी १९६८ ला चिल्ला सुरू केला. आठवड्यात निरोप आला की वाकस धरतो. जहांआरानं दर आठवड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून तोंडी सांगून पाठवलं होतं : “तुझ्या दादाचे गाल बघायला ये. लग्नात पण एवढा भरलेला नव्हता.”

९ फेब्रुवारीला, शुक्रवारी, नमाजानंतर खैरुद्दीन खोलीवर जेवायला बसला होता. सहाजणांची खोली. त्यातला हनीफ दापोलीचा, एका दवाखान्यात कंपाउंडर. तो उशिरा आला, ताट ओढून घेतलं आणि म्हणाला, “खैरूभाय, तुमच्या शेटचा नाखवा गेला.”

“कुठे गेला?”

“जिथून पत्र येत नाही तिथे.”

नाखवा म्हणजे दैऱ्यातले एक म्हातारे तांडेल, मोत्यांच्या बोटी चालवलेले. जानेवारीअखेर त्यांचा चिल्ला पूर्ण झाला होता. त्यांच्या मुलानं दुकानात खजूर वाटले होते.

“चिल्ला संपून चौथ्या दिवशी उलट्या, मग उठवेना. आणला तेव्हा ब्लडप्रेशर लागत नव्हतं,” हनीफ म्हणाला. “डॉक्टर विचारत होते, काय औषध चालू होतं. पोरानं तुमची पुडी दाखवली. काय घालता हो त्यात?”

“चोपचिनी. आणि तिचं सत्त्व.”

“सत्त्व म्हणजे? इथे आहे?”

“दुकानात आहे. गोळ्या असतात.”

हनीफनं घास खाली ठेवला. “चोपचिनीच्या गोळ्या? मी नऊ वर्षं गोळ्या मोजतोय, खैरूभाय. आणा बघू.”

खैरुद्दीन संध्याकाळी चार गोळ्या घेऊन आला. हनीफनं एक उजेडात धरली, मधली रेघ नखानं चाचपली. “हबीबी, हे सत्त्व आमच्याकडे कुलपात असतं. प्रेडनिसोलोन म्हणतात.”

शनिवारी सकाळी हनीफनं त्याला डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टर मद्रासचे, बोलणं तुटक. हनीफ अर्थ सांगत गेला. ही गोळी सूज झपाट्यानं उतरवते, पण दुखणं मुळातून जात नाही, गोळी कमी झाली की परत येतं. जे काम ती करते तेच काम शरीरातली एक ग्रंथी थोडंथोडं करत असते. आठवडेच्या आठवडे बाहेरून गोळी येत राहिली की ती ग्रंथी बसून राहते. मग गोळी एकदम बंद झाली तर ग्रंथी उठत नाही, तिला उठायला महिने लागतात. तोवर माणूस टिकला तर टिकला. चेहरा भरतो तोही गोळीमुळेच, आणि मीठ बंद ठेवल्यानं अंगावर पाणी कमी चढतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

“आणि चोपचिनी?” खैरुद्दीननं विचारलं.

“मुळात काहीतरी असेलही,” डॉक्टर म्हणाले. “सूज उतरवणारं काही त्यातून कुणी वेगळं काढलंय का, मला माहीत नाही. पण हे ते नाही.”

खैरुद्दीननं बोटांवर मोजलं. सात जानेवारीपासून चाळीसावा दिवस येत होता पंधरा फेब्रुवारीला, गुरुवारी. अलीमियाँ त्या सकाळी शेवटची पुडी घेणार आणि दुसऱ्या दिवशी थांबणार. त्यानं थांबून चालणार नव्हतं. खोर फक्कानला फोन नव्हता, तार नव्हती. गाडी आठवड्यातून एकदा, गुरुवारी सकाळी सहाला. त्या गाडीनं गेलं तर रात्रीपर्यंत पोहोचता येत होतं. वेळ जमत होती.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि हनीफनं ते उर्दूत उतरवलं. आधीच तब्येत ढासळली असेल तर पहिले दोन दिवस आठ गोळ्या, सोबत मीठ आणि साखर घालून पाणी. मग रोज सहा. पुढे दर दोन आठवड्यांनी अर्धी गोळी कमी. सहा महिन्यांत गोळी बंद. आणि होता होईल तो माणसाला दवाखान्यात आणा. गोळ्यांची बाटली हनीफनं दिली.

त्याच दिवशी खैरुद्दीन शेटशी बोलला.

“थांबवल्यावर त्रास होतो म्हणतोस?” कमरुद्दीन शेटनी विचारलं.

“त्रास नाही शेट, माणूस मरतो. नाखवा मेला.”

“म्हणजे चालू असताना काही होत नाही.”

“चालू किती दिवस ठेवणार?”

“चाळीसच दिवस असं कुठे लिहिलंय? चिल्ला खलास. वर्षभर घ्या म्हणावं.” शेट खरंच विचार करत होते. “आणि ही गोळी तरी कशाची असते, विचारलंस?”

खैरुद्दीननं विचारलं होतं. हनीफ म्हणाला होता की ती कारखान्यात बनते, पण तिचा कच्चा माल मेक्सिकोतल्या कुठल्याशा जंगली कंदातून काढतात.

“बघ!” शेट म्हणाले. “कंदच ना? मग मी काय खोटं बोललो?”

सोमवारी एक लॉरी सिमेंट घेऊन फुजैराकडे, म्हणजे खोर फक्कानच्याच वाटेनं, जात होती. ड्रायव्हर ओळखीचा होता. पण अल ऐनची ऑर्डर मंगळवारी जायची होती आणि शेट म्हणाले, गुरुवारची गाडी आहेच. खैरुद्दीन थांबला. ही गोष्ट त्यानं नंतर कुणालाही सांगितली तेव्हा गाळली नाही.

गुरुवारी गाडी वेळेवर सुटली. धैदच्या पुढे आभाळ भरलं. मसाफीला पोहोचेपर्यंत डोंगरात पाऊस झाला होता आणि वादीच्या कोरड्या पात्रातून, जिथून रस्ता जातो तिथूनच, गढूळ पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. “इन्शाल्ला उद्या,” तो म्हणाला. उद्याही पाणी होतं. परवाही होतं. खैरुद्दीन रोज पहाटे काठाशी जाऊन एका दगडावर पाण्याची खूण बघायचा. रविवारी सकाळी दगड उघडा पडला आणि ड्रायव्हर “यल्ला” म्हणाला. दुपारी दोन वाजता गाडी खोर फक्कानच्या किनाऱ्यावर लागली. तो त्रेचाळीसावा दिवस होता.

झावळ्यांच्या घरात अलीमियाँ चटईवर पडलेला होता. चेहरा अजून गोल, पण रंग राखेसारखा. डोळे उघडे होते, भावाला ओळखलं, हात मात्र उचलता आला नाही. जहांआरा दारातच रडू लागली.

“मीच घात केला खैरू. शुक्रवारी सुरमई केली. चाळीस दिवस मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली होती, आणि घाई घाईनं मूठभर टाकलं बघ. त्या रात्रीपासून पोटात काही ठरत नाही. मीठ बाधलं.”

“मीठ नाही बाधलं, भाबी. मीठ आण. साखर आण.”

“परत मीठ?”

“आण.”

त्यानं घराच्या मागे जाऊन आठ गोळ्या चिरडल्या आणि मीठ-साखरेच्या पाण्यातून चमच्या-चमच्यानं दिल्या. पहिल्या दोन वेळा उलटी झाली. तिसऱ्यांदा पोटात राहिलं. सोमवारी दुपारी अलीमियाँनं कूस बदलली. मंगळवारी सकाळी तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “काय दिलंस रे?”

“चोपचिनी.” खैरुद्दीन म्हणाला. “तुझा चिल्ला वाढवायला हवा. दुबईला चल, तिथे एक डॉक्टर...”

“डॉक्टर नको. तुझ्या मुळानं उठलो ना? तेच पाठव.”

खरं सांगायची वेळ हीच होती. खैरुद्दीननं सांगितलं नाही. गोळी म्हटली असती तर अलीमियाँनं त्याच दिवशी पुडी फेकली असती, आणि फेकली असती तर मेला असता. जहांआराला त्यानं एवढंच सांगितलं : एक दिवसही पुडी चुकवू नको, आणि जेवणात मीठ घाल.

यानंतरचे चार महिने खैरुद्दीननं आयुष्यातलं सगळ्यात काटेकोर काम केलं. दर बुधवारी सात पुड्या. चोपचिनी त्यानं स्वतः निवडलेली, पाण्यात बुडालेली, गुलाबी. त्यात हनीफच्या बाटलीतल्या मोजलेल्या गोळ्या. दर दोन आठवड्यांनी अर्धी कमी. कागदावर तो उभ्या रेघा मारत गेला. मेअखेर अडीच गोळ्या झाल्या. भावाचा चेहरा उतरू लागल्याचं ड्रायव्हर सांगत होता, म्हणजे सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे होत होतं.

आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच दुखणं परत येत होतं. जूनअखेर, दीड गोळीवर, अलीमियाँ स्वतः दुबईला आला. काठी टेकत दुकानात शिरला. चार गिऱ्हाइकं होती, कमरुद्दीन शेट गल्ल्यावर होते.

“हात बघ,” अलीमियाँ म्हणाला. बोटं पुन्हा गाठाळली होती. “माल पातळ करतोस तू.”

“दादा, आत चल. सांगतो.”

“इथेच सांग. परक्यांना चांगलं देता, त्यांचे गाल बघ. तो अल ऐनचा म्हातारा पळतोय. आणि मला काय पाठवतोस? भुसा?”

“तुला जे पाठवतो तेच खरं आहे, दादा. आधीच्या पुडीत गोळ्या होत्या. विलायती. त्यानंच तू बरा झालास आणि त्यानंच मरत होतास. मी त्या कमी करत आणल्यात. अजून दोन महिने कळ काढ.”

अलीमियाँ गल्ल्याकडे वळला. “शेट, तुमच्या दुकानात गोळी असते?”

“तौबा,” कमरुद्दीन शेट म्हणाले. “चोपचिनी असते आणि चोपचिनीचं सत्त्व असतं. सगळ्यांना सारखं. तुमच्या भावानं तुम्हाला ते कमी दिलं का, हे त्यालाच विचारा.”

“दिलं ना कमी?”

खैरुद्दीनला नाही म्हणता आलं नाही. कमी दिलं होतं.

“माझ्याशीच, खैरू,” अलीमियाँ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “बाजाराला फसवलंस तर बाजार बघून घेईल. पण माझ्याशी?”

त्या दिवसापासून अलीमियाँ धाकट्या भावाशी बोललेला नाही. पुढच्या गुरुवारपासून त्याचं पाकीट कमरुद्दीन शेटच्या नावानं जाऊ लागलं. गोळ्यांची भुकटी शेट स्वतः चमच्यानं घालायचे, मोजायचे नाहीत. महिन्यात ड्रायव्हर निरोप घेऊन आला की अलीमियाँचे गाल पुन्हा भरलेत, वाकस चालवतो, शेटना दुवा देतो.

खैरुद्दीननं मधल्या काळात काम सोडलं होतं. तीन आठवडे एका कॉफीवाल्याकडे बुंद, म्हणजे कॉफीचे दाणे, भाजले. त्या तीन आठवड्यांत भावाच्या पुडीत काय जातं ते कळायला मार्ग नव्हता. तो परत आला आणि शेटना म्हणाला, मिसळायचं कामही मीच करतो. शेटना बरंच वाटलं. भुकटीनं त्यांना शिंका यायच्या. बाकीच्यांच्या पुड्यांत अजूनही चमच्यानंच जातं, फक्त चमचा आता खैरुद्दीनच्या हातात आहे. ऑगस्टमध्ये त्यानं तिघा गिऱ्हाइकांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. दोघे हसले. तिसऱ्यानं शेटना जाऊन सांगितलं. “भावाशी भांडण झाल्यापासून याचं डोकं फिरलंय,” शेटनी गिऱ्हाइकाची समजूत घातली, आणि गिऱ्हाइकाला ती पटली.

हनीफनं एकदा विचारलं, “दोनच का? आणखी उतरवत का नाही?”

“दीडवर बोटं सुजतात. मग तो शेटकडे तक्रार करतो. मग शेट चमचा हातात घेतात.”

“आणि दोनवर?”

“दोनवर वाकस धरतो. गाल फार भरत नाहीत.”

“किती वर्षं?”

“मी आहे तोवर.”

हनीफनं बाटली दिली नाही. दवाखान्याच्या कपाटातून आता तशी काढता येत नाही. डब्यातल्या गोळ्या त्याच जातीच्या आहेत, एवढं त्यानं तपासून दिलं.

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर पूर्वी अरबीत आणि उर्दूत लिहिलेलं होतं, चाळीस दिवसांत आराम. सप्टेंबरमध्ये रंगाऱ्यानं ‘चाळीस दिवसांत’ एवढ्यावर चुना फिरवला.

आठ वाजायला दहा मिनिटं कमी आहेत. खैरुद्दीन पत्र्याचा डबा फळीवर ठेवतो, खल पुसतो. सात पुड्यांचं पाकीट सुती दोऱ्यानं बांधून तो गल्ल्यापाशी ठेवतो, म्हणजे शेटना त्यावर नाव घालता येईल. अलीमियाँला खैरूचं अक्षर चालत नाही.

उद्या गुरुवार, १७ ऑक्टोबर. खोर फक्कानची लँड रोव्हर दैऱ्यातून सकाळी सहाला सुटते. पाकिटात सात पुड्या असतील, प्रत्येकीत दोन गोळ्या. पाठवणाऱ्याचं नाव कमरुद्दीन.